मालकाचं उत्तर: ताई, ‘हा बोलतो’ म्हणालो, पण नीट तपासलं नव्हतं

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढायच्या आधी वाचला. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंना दिसत नाही. दिंडोरीकडे राहणाऱ्या आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या साठवून ठेवायच्या म्हणून त्यांनी एम. जी. रोडच्या आमच्या दुकानातून रेकॉर्डर नेला. ‘हा बोलतो, तुम्हाला एकटीला जमेल,’ असं आम्ही सांगितलं. आजी दीड तास गायल्या आणि घरी येऊन लावलं तर फाइलच नाही. परत द्यायला आल्या तेव्हा ‘खोका फोडलाय’ म्हणून आमच्या मुलाने त्यांना माघारी पाठवलं.

ताई, यातला शब्द न् शब्द खरा आहे. काउंटरवर तो शब्द देणारा मीच होतो. माफ करा.

रात्रीच त्या मॉडेलचा दुसरा पीस काढला. पडद्यावर आणि लाल दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि तुम्ही केलं असेल तसंच करून पाहिलं. रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की तो रेकॉर्ड करत नाही, नुसता तयारीत थांबतो. दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि खरं रेकॉर्डिंग सुरू होतं. डोळस माणसाला हे एका नजरेत कळतं. टेप लावल्यावर मला काहीच कळेना, दोन्ही वेळा बटणाचा तोच खटका आणि वर शांतता. तो बोलतो हे खरं, पण फक्त फोल्डर आणि फाइलची नावं. जिथे बोलायला हवं तिथे गप्प. तुमचा दीड तास त्या लुकलुकत्या दिव्यात गेला. तुमची काहीएक चूक नव्हती.

‘यापेक्षा मोबाइल बरा होता’ असं तुम्ही लिहिलंय. ते अर्धं मान्य. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी मोबाइलमधली सोय, लावून दोन मिनिटांची नोंद करायला मोबाइलसारखं सोपं काही नाही. पण इअरफोन नसेल तर टॉकबॅकचा स्वतःचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये शिरतो, आणि मध्येच कोणाचा फोन आला की सगळा घोळ. जात्यासमोर बसलेल्या आजींना ‘थांबा, परत म्हणा’ कसं सांगणार? त्यासाठी वेगळं यंत्र हवंच, फक्त ते मी नीट निवडायला हवं होतं.

आता दुकानात कोणी असं विचारलं तर मी आधी यंत्र त्यांच्या हातात देणार. रेकॉर्डचं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं लागतं का? चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून असलेला होल्डचा खटका सरकवता येतो आणि तो कुठल्या बाजूला आहे हे अंगठ्याला कळतं का? टचस्क्रीन असेल तर विषयच संपला. आणि सुरू झालं, थांबलं, कार्ड भरलं, बॅटरी उतरली हे कानाला समजतं का? हे सगळं दुसऱ्या कोणाला न विचारता जमलं, तरच बिल करायचं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली. आवाजाची पातळी. ओवी म्हणताना आजी मध्येच पुटपुटतात, मध्येच गळा मोकळा सोडतात, शिवाय जात्याची घरघर. पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या पडद्यावर असतात, त्या बघून लावायच्या कशा? २०२४ साली आलेला झूम कंपनीचा एच१ इसेन्शियल हा रेकॉर्डर या बाबतीत तुमच्या कामाचा आहे. तो ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे पातळी आधी लावावीच लागत नाही, नंतर वर-खाली करता येते आणि आवाज फाटत नाही. मेनू बोलून दाखवतो. नुसता बीप हवा की बीप आणि बोलणं दोन्ही, ते निवडता येतं. दोन ट्रिपल ए सेलवर चालतो.

उणिवाही सांगतो. मराठी बोलत नाही. फाइल मोठ्या होतात, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण १.४ जीबी, तेव्हा ३२ जीबीचं कार्ड तरी हवं. काही मोबाइलमध्ये ती फाइल वाजतच नाही. मग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून साध्या १६ बिटमध्ये काढायची. कॉम्प्युटरचा पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए आणि ऑडॅसिटी दोन्ही फुकट आहेत, आणि दोन्ही एकमेकांबरोबर चालतात. हे आमचा मुलगा तुमच्यासोबत बसून करून देईल.

तुमचे पूर्ण पैसे परत. खोका, बिल, काही आणू नका. मुलालाही समज दिली आहे. खोका फोडल्याशिवाय तुम्ही ती वस्तू हाताळणार तरी कशी, हे त्याला नाही सुचलं, आणि त्याला शिकवायचं मलाही नाही सुचलं.

नवा घ्याच असा आग्रह नाही. पण आजींना पुन्हा गावंसं वाटलं तर एच१ इसेन्शियल मी चार दिवस तुमच्याकडे ठेवायला देतो, पैसे न घेता. आधी घरी कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा गोंधळ, जे सापडेल ते रेकॉर्ड करून बघा. हात बसला की मगच दिंडोरीला न्या. उद्या दुपारी चारनंतर मी दुकानात आहे. यायला जमत नसेल तर फक्त ‘या’ म्हणा, मी घेऊन येतो.