शंभर उठाबशा आणि एक खुर्ची

ही पोस्ट लिहायला लाज वाटतेय, पण गेल्या महिन्याभरात दोन मित्रांनी अगदी माझ्यासारखाच उद्योग करून गुडघे धरून बसल्याचं कळलं, म्हणून लिहितोच.

मागच्या वर्षी मी फोनमध्ये एक ॲप घेतलं. 30 दिवसांत पाय मजबूत, घरच्या घरी, कुठलंही सामान नको वगैरे. पहिल्या दिवशी 50 स्क्वॅट्स, म्हणजे उठाबशा, सांगितले होते. मी म्हटलं एवढेच? कॉलेजात कबड्डी खेळलेला माणूस मी (त्याला आता 25 वर्षं झाली हा हिशोब त्या क्षणी डोक्यात आला नाही). शंभर मारले. पायात मोजे, खाली गुळगुळीत फरशी, वॉर्मअप शून्य, आणि शेवटचे वीस तर कसे मारले ते माझं मलाच माहीत, श्वास रोखून, दात ओठ खाऊन, गुडघे एकमेकांवर आपटत. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या ते ठीक, पण तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा पाव फुगावा तसा फुगला आणि जिना उतरताना कठडा धरून बाजूबाजूने, खेकड्यासारखा उतरलो.

फिजिओथेरपिस्ट मुलगी पंचविशीतली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुमचं वजन किती?" (गुडघ्यापेक्षा ते 'काका' जास्त लागलं, असो.) मी म्हटलं 84. ती म्हणाली, "पिंडऱ्या आणि पावलं सोडली तर स्क्वॅट करताना बाकी सगळं शरीर वर-खाली होतं. म्हणजे 70 किलोच्या वर. जिममध्ये पहिल्या दिवशी कोणी 70 किलो शंभर वेळा उचलायला सांगितलं असतं तर उचलले असते का?"

नसतेच उचलले. पळून आलो असतो. माझं म्हणणं आहे की घरच्या व्यायामाचा सगळा घोळ इथेच आहे, हातात लोखंड नसलं की आपल्याला वाटतं वजनच नाहीये. आणि एकदा वजन नाही म्हटलं की मग उरतो फक्त आकडा. 50, 100, 200. ॲपला आकडा दिसतो, तुमचा गुडघा आत वळतोय, टाच उचलली जातेय, कंबर गोल होतेय हे त्याला दिसत नाही. तिथे बघणारं कोणी नसतं, आणि आपण स्वतः तर आकड्याकडेच बघत असतो.

आणि आकड्याच्या नादात गुडघ्यापेक्षा वाईटही होऊ शकतं हे मला नंतर कळलं. सवय नसताना शेकडो उठाबशा मारून स्नायू इतके फाटतात की त्यातले घटक रक्तात उतरून किडनीवर ताण येतो. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत पाय भयंकर सुजले, दुखणं नेहमीपेक्षा फारच जास्त, आणि लघवी गडद तपकिरी झाली तर तेल चोळत घरी बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण चॅलेंज लावणाऱ्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतोय.

तर सूज उतरल्यावर मला पहिला व्यायाम मिळाला तो म्हणजे खुर्चीत बसणे आणि उठणे. मला हसूच आलं. मग त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने अट घातली, हात छातीवर, आणि बसायला मोजून चार सेकंद घ्यायचे, धपकन पडायचं नाही. आठव्या वेळी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. शंभर मारणारा मी, आठात गार. गंमत अशी की आपण उठण्याला व्यायाम समजतो आणि खाली जाणं म्हणजे जणू फुकट, पण खाली जाताना स्नायू ताणत ताणत वजन धरून ठेवतो, खरं काम तिथे होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ती ठणक पण जास्त करून तिथूनच येते. जिना चढण्यापेक्षा उतरताना मांड्यांना का जास्त लागतं ते पण कळलं. घाईघाईत आपटत केलेले शंभर म्हणजे खाली जाण्याचं काम गुडघ्याच्या सांध्यावर ढकललेलं, बस.

खुर्ची मात्र नीट निवडा हो. चाकांची नको, हलकी प्लॅस्टिकची तर फरशीवर मागे सरकते आणि तुम्ही हवेत बसता. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. मोजे काढा, एकतर अनवाणी किंवा पकड असलेले बूट. सरकणारी सतरंजी, ओली फरशी, पायात घुटमळणारं पोर किंवा कुत्रं, हे सगळं आधी बाजूला करा. आणि तोल जाईल असं काही करताना आधाराला दाराचं हँडल धरू नका, ते दार उघडतं. (अनुभव आहे, जास्त विचारू नका.)

आता तो सुप्रसिद्ध नियम, गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये. मीही दहा जणांना ऐकवलाय. 2003 मधल्या एका छोट्या अभ्यासात गुडघे मुद्दाम पुढे जाऊ दिले नाहीत तेव्हा गुडघ्यावरचा ताण साधारण 22 टक्के कमी झाला खरा, पण खुब्याच्या सांध्यावरचा 10 पटीहून जास्त वाढला. म्हणजे माणूस पुढे वाकतो आणि भार खुबा-कंबरेकडे जातो. गुडघा थोडा पुढे गेला तर आभाळ कोसळत नाही, दुखत असेल तर कमी खोल बसा. त्यापेक्षा गुडघे आत पडतायत का ते बघा, ते पावलाच्या दिशेनेच जायला हवेत. समोर आरसा ठेवला की कळतं. आणि न दुखता नुसता कटकट आवाज येत असेल तर त्याने सहसा काही बिघडत नाही, मी उगाच वर्षभर घाबरत होतो.

पुढे हळूहळू भर पडली. पाठीवर झोपून कंबर उचलणं, ओट्याला धरून टाचा वर करणं, कुशीवर झोपून पाय उचलणं. लंजेस (एक पाय लांब टाकून गुडघे वाकवत खाली जाणं) मागे पाय टाकून करायचे, पुढे टाकण्यापेक्षा ते गुडघ्याला सोसतात. भिंतीला टेकून अधांतरी बसणं हा प्रकार दिसायला फालतू पण जीव काढतो. 2023 मध्ये 270 चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा असे स्थिर धरून ठेवायचे व्यायाम बीपी उतरवायला सगळ्यात सरस निघाले, त्यातही हे भिंतीचं बसणं. पण करताना त्या वेळेपुरतं बीपी वर जातं, म्हणून बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा आणि कोणीच श्वास कोंडून धरू नका. मोठ्याने आकडे मोजत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो, आकड्यांचा तेवढा एक उपयोग.

दुखण्याचं काय? मी हे वापरतो: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झालं तर चालू ठेवतो, त्याच्या वर गेलं की कमी करतो. मांडीत दोन्हीकडे सारखी ठणक वेगळी आणि सांध्यात टोचणारं एका बाजूचं दुखणं वेगळं. गुडघा सुजला, अडकला, अचानक दगा द्यायला लागला तर डॉक्टर. आणि एकाच पायाची पिंडरी सुजून गरम लागत असेल तर अजिबात मालिश करू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

स्नायूंच्या व्यायामाचं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस, एवढंच किमान जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज नाही. मी तीन दिवस करतो, मध्ये एक दिवस सुट्टी.

माझं बघून आईनेही सुरू केलं. ती 72 ची. 30 सेकंदांत हात न लावता किती वेळा खुर्चीतून उठता येतं अशी एक साधी चाचणी आहे, तिच्या वयाच्या बाईला 10 पेक्षा कमी आले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. तिचे आधी 8 आले, चार महिन्यांनी 12. मी शेजारी उभा राहून मोजत होतो तर म्हणाली, "तू मोजू नकोस रे, माझी घाई होते."

ते ॲप अजून फोनमध्ये आहे. रोज सकाळी सातला नोटिफिकेशन येतं, दिवस दुसरा तुमची वाट बघतोय म्हणून.