वरून गुळगुळीत, रूटला उघडा

भाच्याचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट आहे: ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम अलॉयच्या ६ मिमी प्लेटा फ्रिक्शन स्टिर वेल्डिंगने जोडायच्या, म्हणजे फिरतं टूल सांध्यात दाबून, घर्षणाने मऊ पडलेला धातू ढवळून. काल त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग टेस्टिंग सोडून देऊ का?" मेसेजचं म्हणणं असं: धातू वितळत नाही म्हणून दोष येत नाहीत, जोड मूळ धातूइतकाच मजबूत होतो, १२०० आरपीएम आणि ६० चा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) सगळ्या ॲल्युमिनियमला चालतो, कुठलंही मिलिंग मशीन पुरतं, तपासणी नको.

धातू वितळत नाही, हे खरं. १९९१ मध्ये इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत ही पद्धत निघाली. धातू गोठताना पडणारी चीर यात टळते, म्हणून तर २०२४, ७०७५ सारखे आर्क वेल्डिंगला दाद न देणारे ॲल्युमिनियम अलॉयही जोडता येतात. पण दोषच नाहीत, हे कुणी सांगितलं? उष्णता कमी पडली की आत लांबच लांब पोकळी राहते. त्याहून वाईट म्हणजे किसिंग बाँड: दोन कडा एकमेकींना टेकलेल्या, पण जुळलेल्या नाहीत. एक्स-रेलाही तो बऱ्याचदा सापडत नाही.

आमच्या शॉपमध्ये असा एक जॉब झाला होता. वरून शिलाई इतकी सुबक, की हात फिरवत राहावा. प्लेट ६ ची म्हणून आलेली, मायक्रोमीटरला ६.२ भरली, टूलची आत घुसणारी पिन ५.७ ची, म्हणजे तळापर्यंत पोचलीच नाही. रूट, म्हणजे जोडाचा तळ, बाहेरच्या अंगाला ठेवून पट्टी वाकवली तर थोड्याशा बाकातच सांध्याच्या जुन्या रेषेवर उघडली. आतल्या कडेवर प्लेट कापतानाच्या कटरच्या खुणा जशाच्या तशा होत्या! तपासणी नको म्हणणाऱ्याने ती पट्टी हातात घेऊन बघावी.

ताकदीचं म्हणाल तर ६०६१-टी६ ची साधारण ३१० मेगापास्कल; जोडाशेजारचा पट्टा उष्णतेने मऊ पडतो आणि आकडा २००-२४० वर येतो. एकच सेटिंग सगळ्यांना? कडक ७०७५ ला मऊ ६०६३ च्या वेगाने ओढून बघा. मिलिंगवर पातळ प्लेटची ट्रायल होते, हे कबूल. पण टूल दाबायला शेकडो किलोंचा भार लागतो आणि तो स्पिंडलच्या बेअरिंगवर येतो.

ॲल्युमिनियमच्या याच वेल्डिंगसाठी आयएसओ २५२३९ हे मानक आहे. त्याच्या पाच भागांपैकी चौथा प्रोसिजर पास करण्यावर, पाचवा तपासणीवर. दोष येतच नसते तर हे दोन भाग लिहिले कशाला असते?

भाच्याला प्रत्येक सेटिंगच्या दोन पट्ट्या कापायला सांगितल्यात, एक रूट बेंडला, एक मॅक्रोला, म्हणजे काप पॉलिश करून जोड आतून बघायला. शनिवारी तो त्या घेऊन शॉपवर येतोय.