वॉटर कूलिंग आणि दुपारची निज

गोव्यात दुपारी एक ते चार या वेळात आवाज करायचा नसतो. हा कायदा कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण फोंड्याच्या बाजारात दीड वाजता पाव किलो खिळे आणायला जाऊन बघा. शटरं खाली, कुत्री सावलीत, आणि एखादं दुकान चुकून उघडं असलंच तर आतला माणूस तुमच्याकडे असा बघतो, की आपणच खिळे परत करून घरी यावं.

आमच्या घरात या कायद्याची अंमलबजावणी आईकडे आहे. वय ७८. जेवण आटोपलं की ती माजघरातल्या खाटेवर आडवी होते. त्या खाटेच्या आणि माझ्या कॉम्प्युटरच्या मध्ये एक पडदा आहे, तोही सुती.

मी जत्रांतल्या नाटकांचं शूटिंग करतो. साडेआठला जाहीर झालेलं संगीत नाटक दहाला सुरू होतं आणि पहाटे कधीतरी संपतं. तीन कॅमेऱ्यांचं ते सगळं चित्रण जोडून, शेवटी एक फाईल करायला लावायची. त्याला रेंडर म्हणतात. रेंडर लागला की प्रोसेसरला घाम फुटतो, आणि माझ्या जुन्या यंत्राचा पंखा असा सुटायचा की आतून आई विचारायची, "मोपाचं विमान आमच्यावरनं कधीपासून जायला लागलं रे?"

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "मामा, वॉटर कूलिंग घाल. आवाजच नाही."

घातलं. २४० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी निववणारी जाळी, त्यावर १२० मिलिमीटरचे दोन पंखे, दोन जाड काळ्या नळ्या आणि प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा पंप. किंमत इथे लिहीत नाही, कारण बायको हे वाचते. यंत्र चालू केलं. शांत. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप वाजायच्या आत पंखे वूऽऽऽ करून वर चढले, तीन सेकंद तिथे राहिले आणि खाली आले. पुन्हा वूऽऽऽ. काम काय, तर ब्राउझरचं एक पान उघडलं होतं.

भाच्याने समजावलं. प्रोसेसर हा तापट माणूस. जरा कुणी हाक मारली की ४५ अंशांवरून ७५ वर जातो आणि दोन सेकंदांत निवळतोही. आणि पंखे त्याच्याच तोंडाकडे बघत धावणारे. साहेबाच्या कपाळाला आठी पडली की लगेच पाणी आणणाऱ्या शिपायासारखे.

मला वाटलं, इतका आवाज चालेल. जुन्याच्या मानाने निम्मासुद्धा नाही. आईने हा हिशेब मानला नाही. तिच्या डोक्यावरचा छताचा पंखा वीस वर्षं किरकिरतोय आणि त्याखाली ती लहान मुलासारखी झोपते. तसं म्हणालो तर म्हणाली, "तो एका सुरात किरकिरतो. हा ताना घेतो." पुढे डेसिबल, फॅन कर्व्ह वगैरे बरंच वाचलं, पण यापेक्षा नेमकं निदान मला कुठे मिळालं नाही. माणसाचा कान आवाजाला सरावतो, चढउताराला सरावत नाही.

उपाय निघाला तो असा, की पंखे प्रोसेसरच्या तापमानावर ठेवायचेच नाहीत, पाण्याच्या तापमानाला बांधायचे. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर आमच्या कूलरमध्ये होता, सगळ्यांत नसतो. पाणी स्वभावाने आळशी, म्हणजे अगदी आमच्यातलं. प्रोसेसर कितीही आदळआपट करो, त्याला तापायला काही मिनिटं लागतात आणि निवायलाही. त्यामुळे पंखेही सावकाश चढतात, सावकाश उतरतात. पंपाचा वेग मात्र एकच ठेवला, त्याला ताना शिकवल्या नाहीत.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी आई पडद्यातून बाहेर आली. "खतखतं बाधलं का तुला?"

"नाही. का?"

"मग कुणाच्या पोटात गुडगुडतंय?"

गुडगुडत होतं ते कॉम्प्युटरच्या. पाण्याचा फेरा बंदिस्त असला तरी आत थोडी हवा असतेच, आणि हवा सगळ्यांत उंच जागा शोधते. ज्याने जोडणी करून दिली त्याने रेडिएटर पुढच्या बाजूला असा खाली बसवला होता, की उंच जागा नेमकी पंपाची. सगळे बुडबुडे तिथे जाऊन बसलेले. रेडिएटर छतावर, म्हणजे कॅबिनेटच्या वरच्या बाजूला हलवला तेव्हा हवा तिथल्या टाकीत जाऊन गप्प बसली. पोट थांबलं.

मग मला आकड्यांचं वेड लागलं. भाच्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दिसेल अशी सोय करून दिली, ती त्याची एकमेव चूक. मी नाटक एडिट करायचं सोडून ते बघत बसू लागलो. काहीच चालू नसताना ४७. का? रात्री दोनला उठून बघितलं, ४४. बायकोने विचारलं, "कोण आजारी आहे?" शेवटी कळलं ते इतकं साधं होतं: पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात आमची खोलीच ३४ अंशांवर असते, तर पाण्याने बिचाऱ्याने काय करावं! वॉटर कूलिंग हे नाव थोडं फसवंच आहे. ते उष्णता नाहीशी करत नाही, फक्त इथून उचलून तिथे टाकतं. हे आईला सांगितलं तर ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे धुराडं."

आणि एका दुपारी रेंडर चालू असताना आकडा ९५ वर गेला. पंखे जीव तोडून फिरतायत, पाणी तापलंय, प्रोसेसरने स्वतःला वाचवायला वेग कमी केलाय, तासाभराचं काम तीन तासांवर. पंप गेला या खात्रीने मी टेबलाखाली वाकलो. पंप ठीक होता. कॅबिनेटच्या डोक्यावर, जिथून सगळी गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर, आईच्या हातचा पांढरा क्रोशाचा रुमाल पसरलेला होता. मधोमध पितळी गणपती. आमच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, गॅसच्या सिलिंडरला सगळ्यांना असे रुमाल आहेत, तर याला का नको?

"धूळ बसते रे वर."

धुळीचा मुद्दा खोटा नव्हता. आमच्याकडची लाल माती खिडकी बंद असली तरी आत येते, पुढची जाळी पंधरा दिवसांत विटकरी होते. तडजोड झाली. गणपती मॉनिटरशेजारी आला, रुमाल त्याच्याखाली, आणि जाळ्या झाडायचं काम माझ्याकडे. भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरची वीज थोडी कमी केली. तासाचं काम चार-पाच मिनिटं लांबलं, पण आकडा पंधराएक अंशांनी उतरला. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर कदाचित पाणी लागलंच नसतं, पण हे वाक्य बायकोने वगळून वाचावं.

आता रेंडर मी चारनंतर लावतो, म्हणून भांडणच उरलं नाही. निदान जूनपर्यंत उरलं नव्हतं. यंदा पाऊस पडला तेव्हा आईची शेवटच्या खेपेची सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, अर्धीच वाळली होती. अंगणातून सुपं आत आली, ओटीवर दोन दिवस दमट हवेत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी खोलीत आलो, तर कॅबिनेटच्या मागच्या पंख्यासमोर स्टूल, स्टुलावर सूप, सुपात काळसर लाल सोलं, आणि शेजारी खुर्ची घेऊन आई. जागी.

"आज नाटक नाही लावलंस?"

"ते झालं. फाईल दिली त्यांना."

तिने एक सोल उलटं करून बोटाने दाबून पाहिलं.

"मग दुसरं कुठलं तरी लाव. आणि तो पंखा जरा मोठा कर."