कार्ड घ्या, पण तारखा बघून
युरोपात कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन फिरण्याबद्दलच्या तुमच्या लेखात एसीएसआय या कॅम्पिंग-मार्गदर्शक संस्थेचं, कॅम्पसाइटवरच्या (तंबू-कॅरॅव्हॅन लावायच्या जागेवरच्या) मुक्कामाचं सवलत कार्ड सुचवलंय, ते योग्यच. पण ते गर्दीचा हंगाम सोडूनच चालतं, हे ठळकपणे यायला हवं होतं. तिकडच्या मुलांच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. मे-जून किंवा सप्टेंबरात दोघंच निघणार असाल तर मात्र जरूर घ्या. एका रात्रीच्या ठरलेल्या दरात दोन मोठी माणसं, गाडी, कॅरॅव्हॅन, वीज, एवढंच काय, जिथे कुत्र्यांना परवानगी आहे तिथे एक कुत्राही धरलेला असतो! पर्यटन कर बहुतेक ठिकाणी वेगळा. कार्ड चालण्याच्या तारखा प्रत्येक कॅम्पसाइटच्या निराळ्या. आणि फ्रान्समध्ये गावोगावी नगरपालिकेच्या कॅम्पसाइट असतात, तिथे पाटीवरचा साधा दरच पुष्कळदा कार्डाच्या दरापेक्षा कमी असतो. आधी ती पाटी वाचा.