फुफ्फुसातल्या गाठी आणि 'चाकू लावला की पसरतो' वाला मेसेज

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की लिव्हरचा कॅन्सर फुफ्फुसात गेला म्हणजे खेळ खलास, आणि ऑपरेशन केलंत तर हवा लागून अजून पसरतो. हवा लागून कॅन्सर पसरतो हे साफ खोटं आहे.

पहिल्या भागातही गडबड आहे. फायब्रोलॅमेलर म्हणून लिव्हरचा एक दुर्मिळ कॅन्सर असतो, बहुतेक तरुण पोरापोरींना होणारा, दारू नाही कावीळ नाही सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आक्रसणं) नाही, एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात ते प्रथिन) पण बऱ्याचदा नॉर्मल येतं त्यामुळे लवकर लक्षातच येत नाही. याच्यावर केमो फारशी चालत नाही, म्हणून ऑपरेशन हाच मुख्य आधार, आणि फुफ्फुसात मोजक्याच गाठी असतील, लिव्हरमधलं निघालेलं असेल, सगळ्या गाठी काढूनही श्वासाला पुरेसं फुफ्फुस उरणार असेल तर सर्जन त्याही काढायचा विचार करतात. अख्खं फुफ्फुस नाही हो काढत! तुरीच्या डाळीएवढी गाठ, तिच्याभोवतीचा पाचरीसारखा तुकडा स्टेपलरने कापून काढतात, बऱ्याचदा दुर्बिणीतूनच. मग छातीत नळी, खाली पाण्याची बाटली, बुडबुडे थांबले, म्हणजे फुफ्फुसातून हवा गळायची थांबली, आणि एक्सरे नीट आला की नळी बाहेर.

आता उलटा मेसेज पण नको, की काढलं म्हणजे बरा झाला. हा कॅन्सर परत येतो, बऱ्याच जणांना येतो, दर काही महिन्यांनी सीटी करावाच लागतो, आणि गाठी दोन्ही फुफ्फुसांत भरपूर विखुरलेल्या असतील, सगळ्या काढता येण्यासारख्या नसतील, तर ऑपरेशनला चांगला सर्जन स्वतःच नाही म्हणतो.