खडे मीठ, एप्सम सॉल्ट आणि रीफ टँक: एका संदेशाचा प्रतिवाद

घरी प्रवाळांचा टँक ठेवणाऱ्या नागपूरकरांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: रीफ सॉल्ट (प्रवाळांच्या टँकसाठी बादलीत मिळणारे तयार मीठ) म्हणजे वाळवलेला समुद्रच आणि खडे मीठही तेच, तेव्हा इतवारीतून विनाआयोडीनचे खडे मीठ आणावे, लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने आरओच्या पाण्यात विरघळवावे आणि घनता १.०२६ भरली की पाणी तयार समजावे. कॅल्शियमसाठी चुना व मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालावे. आणि बादलीतले मीठ घ्यायचेच झाले तर ज्याचा केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) सर्वांत जास्त, ते घ्यावे. समुद्राचे पाणी सहजी मिळत नाही अशा आपल्या शहरात या युक्तीचा मोह पडणे स्वाभाविक आहे, कारण बादलीचा खर्च खरोखरच बोचतो. परंतु या संदेशाच्या भरवशावर जिवंत प्राणी पाण्यात सोडले जात आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासले पाहिजे.

खडे मीठ म्हणजे वाळवलेला समुद्र, हे विधान मुळातच चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे मिठागरातच दिसते. खाडीचे पाणी उन्हात आटू लागले की आधी कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि पाणी मूळच्या साधारण एक दशांश उरल्यावर मीठ धरू लागते. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ब्रोमाइड ज्यात साठून राहते तो उरलेला कडवट द्रव मुद्दाम वेगळा काढला जातो, कारण तो मिठात राहिला तर मीठ कडू लागते आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. म्हणजे प्रवाळांना जे हवे तेच वगळण्यात मिठागराचे कसब आहे. खाण्याच्या मिठात किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावे असा आपल्याकडे नियम आहे. समुद्रातील एकूण क्षारांत मात्र त्याचा वाटा सुमारे ७८ टक्केच असतो. उरलेल्या वाट्यात, लिटरमागे बोलायचे तर, सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट, १,३०० मॅग्नेशियम, ४१० कॅल्शियम आणि ४०० पोटॅशियम येते. ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने तपासून विल्हेल्म डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले की खुल्या समुद्रात खारटपणा कमीजास्त झाला तरी मुख्य क्षारांचे आपसातील प्रमाण जवळजवळ बदलत नाही. प्रवाळांचे शरीर याच प्रमाणाला सरावलेले आहे. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही पाण्यांवर कॅल्शियमचा टेस्ट किट वापरून पाहावा: रीफ सॉल्टच्या पाण्यातील गुलाबी रंग निळा होण्यासाठी थेंबामागून थेंब सोडत राहावे लागते, तर खड्या मिठाच्या पाण्यात तो फार लवकर निळा होऊन बसतो.

घनतेविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ती मोजण्यासाठी वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर क्षार एकूण किती आहेत याचा अंदाज देतो, कोणते आहेत हे त्याला कळत नाही. निव्वळ मिठाचे पाणीही त्यावर समुद्रासारखेच दिसू शकते.

‘जे कमी आहे ते वरून घाला’ हा सल्ला मात्र अधिक घातक आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. साधा हिशेब करून पाहावा. १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम केवळ एप्सम सॉल्टमधून आणायचे तर लिटरला सुमारे १३ ग्रॅम घालावे लागते आणि त्यासोबत ५,१०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट येते, म्हणजे समुद्राच्या जवळजवळ दुप्पट. चुन्याची गत याहून वाईट आहे: ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम चुन्यातूनच द्यायचे ठरवले तर केएच ५७ च्या घरात जाईल, जो समुद्रात जेमतेम ७ असतो, आणि तिथवर पोहोचण्यापूर्वीच पीएच भडकून सारे पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसेल. चुन्याची निवळी रीफ टँकमध्ये वापरतात हे खरे आहे, आणि ती उत्तम गोष्ट आहे. पण प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि क्षारता ज्या प्रमाणात खर्च करतात ती झीज भरून काढण्यापुरतीच तिची उपयुक्तता आहे. रिकाम्या पाण्याचा समुद्र करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

राहिला प्रश्न जास्त केएचचा. बाजारातील काही मिठांचा केएच ७ ते ८ असतो, काहींचा ११ ते १२. टँकचा केएच ८ असेल आणि १२ केएचच्या पाण्याने १० टक्के पाणी बदलले, तर टँक ८.४ वर जातो. ज्या टँकमधील कठीण प्रवाळ रोज अर्धा-एक केएच खातात, तिथे ही भर एका दिवसात संपते. त्यांची गरज रोजच्या डोसिंगनेच, म्हणजे मोजून पूरक द्रव घालण्यानेच भागते, मिठाच्या नावाने नाही. उलट नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी ठेवलेल्या टँकमध्ये केएच चढा राहिला की फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण प्रवाळांची, म्हणजे अ‍ॅक्रोपोराची टोके पांढरी पडताना दिसतात. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक भर पडते: गच्चीवरच्या टाकीतील तापलेल्या पाण्यात जास्त केएचचे मीठ कालवले की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बाहेर पडते आणि पंपावर व पिंपाच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाणी घरात आणून २५ अंशांच्या आसपास थंड करावे, पंप चालू ठेवून त्यात मीठ थोडेथोडे सोडावे. मिठावर पाणी ओतू नये.

संदेशातील एक गोष्ट मी मान्य करतो: केवळ किंमत जास्त म्हणून मीठ चांगले ठरत नाही. फक्त मासे असलेल्या टँकला साधे सागरी मीठ पुरते, आणि मऊ प्रवाळांनाही सर्वांत महाग बादली लागत नाही. आपण टँक ज्या केएचवर स्थिर ठेवतो त्याच्या जवळचे मीठ निवडावे, सतत मिळेल असेच घ्यावे, वापरण्यापूर्वी बंद बादली आडवी लोळवून खालीवर बसलेले घटक एकत्र करावेत, आणि प्रत्येक नव्या बादलीचे पहिले पाणी टँकमध्ये जाण्याआधी त्याचे केएच, कॅल्शियम व मॅग्नेशियम तपासून वहीत नोंदवावे.