डॅलसचा सिटी मॅनेजर म्हणजे आपला आयुक्त नव्हे

‘अमेरिकेतल्या डॅलसमध्येही आपल्यासारखंच आहे, महापौर नुसता शोभेचा आणि कारभार वरून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती,’ असा एक मेसेज फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे.

डॅलसचा कारभार सिटी मॅनेजर बघतो, हे खरं. अंदाजपत्रक तोच मांडतो, बहुतेक खातेप्रमुख तोच नेमतो. पण त्याला वरून कोणी पाठवत नाही. लोकांनी निवडलेली १५ जणांची नगर परिषद त्याला नेमते, पगार ठरवते आणि नको झाला की घरीही पाठवते. टेक्सास राज्य सरकारचा त्यात काही संबंध नाही. २०२४ मध्ये तिथले मॅनेजर टी. सी. ब्रॉडनॅक्स यांनी राजीनामा दिला, तो परिषदेतल्या बहुसंख्य सदस्यांच्या सांगण्यावरूनच.

आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार नेमतं. नवी मुंबईच्या नगरसेवकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला, तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. बदली झाली ती २०१७ मध्ये, सरकारच्याच आदेशाने. (मुंढे बरोबर होते की नगरसेवक, हा वाद वेगळा.)

आणि महापौर शोभेचा? डॅलसचा महापौर थेट जनतेतून निवडून येतो, परिषदेचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. मत मात्र १५ पैकी एकच. खात्यांचा रोजचा कारभार त्याच्या हाती नसतो, एवढंच. शिवाय ही पद्धत अख्ख्या अमेरिकेची नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रशासनाचा प्रमुख महापौरच असतो.